जुन्या वाड्यातल्या ओल आलेल्या भिंतीचं काय करायचं

पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला ओल आली की लोक पहिल्यांदा वॉटरप्रूफ पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारतात, प्लीज हे नका करू, पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत येतात.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वरून डाग उतरत असेल तर कौलं, पन्हळ, वरच्या मोरीचा पाइप बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल आणि वर पांढरा खार असेल तर ती जमिनीतून चढतेय. शंका असेल तर फूटभर प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा, थेंब आतल्या म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतलीच आहे.

लीकेज बंद केल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नका. मग डागाच्या वर फूटभर घेऊन सगळा गिलावा विटेपर्यंत काढा, खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं. आणि भिंत वाळू द्या, यात घाई अजिबात नको, दसऱ्यानंतर काढून उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवली तर उत्तम.

नवीन गिलावा चुन्याचाच. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, थोडी विटांची भुकटी, पातळ थर, आठवडाभर हलकं पाणी मारत राहा. सिमेंटने ओल आत कोंडते आणि अजून वर चढते. वरून चुन्याची सफेदी, दोन-तीन पातळ हात. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा.