युंगफ्राउयोखचं तिकीट काढण्याआधी वरचं आकाश बघा

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन गावात ऊन असतं, आपण महागडं तिकीट काढून रेल्वेने ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत पोहोचतो आणि वर पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसत नाही.

यावर सोपा उपाय:

१. त्या भागात किमान दोन-तीन दिवस मुक्काम ठेवा आणि वर जायचा दिवस आधीपासून पक्का करू नका.
२. सकाळी उठल्याबरोबर युंगफ्राउ रेल्वेच्या संकेतस्थळावरचे थेट कॅमेरे बघा. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत टीव्हीवरही डोंगरांची थेट दृश्यं चालू असतात. तिथल्या ‘आलेच’ (Aletsch) नावाच्या हिमनदीची लांबच लांब पट्टी स्पष्ट दिसली, की लगेच निघा. दुपारी ढग चढतात, त्यामुळे सकाळची गाडी उत्तम.
३. वर धुकं असेल तर लाउटरब्रुनेन गावाजवळच्या ट्र्युमेलबाख धबधब्यांकडे जा. डोंगराच्या पोटातले हे दहा धबधबे बघायला स्वच्छ आकाश लागत नाही. मला तर ते युंगफ्राउयोखइतकेच आवडतात! मात्र हिवाळ्यात ते बंद असतात आणि चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा स्विस रेल्वे-बसचा पास) असेल तर तिकीट खिडकीवर तो आधी दाखवा, वरच्या टप्प्याला सवलत मिळते.

एक काळजी घ्या: उन्हाळ्यात गाड्या भरतात, म्हणून कॅमेरा बघितल्यावर त्याच क्षणी जागा आरक्षित करा.