ओमेगा-3 चा हिशोब करताना या चुका टाळा

पाकिटावर 'पॉलीअनसॅच्युरेटेड' (स्निग्धांशाचा एक प्रकार; ओमेगा-3 आणि ओमेगा-6 दोन्ही त्यातच येतात) दिसलं की तोच आकडा ओमेगा-3 म्हणून वहीत उतरवायचा, हे मी आहाराच्या प्रत्येक वर्गात पाहते. त्या आकड्यात ओमेगा-6 सुद्धा असतं, आणि बहुतेक वेळा तेच जास्त. 100 ग्रॅम अक्रोडात ओमेगा-6 सुमारे 38 ग्रॅम, ओमेगा-3 फक्त 9. सूर्यफुलाच्या तेलात तर ओमेगा-3 जवळपास नाहीच.

दुसरी चूक अमेरिकी कृषी खात्याचा तक्ता वापरणाऱ्यांची. एका विद्यार्थिनीने जवसाच्या चटणीचं गणित करून आणलं: 100 ग्रॅम जवसात 45.6 ग्रॅम ओमेगा-3. मी तिला एवढंच विचारलं, जवसात एकूण स्निग्धांश किती? तिने पाहिलं, 42. मग त्यात 45 मावणार कसं? झालं असं होतं की तक्त्यात '18:3' (18 कार्बन आणि 3 दुहेरी बंध असलेली स्निग्धाम्लं) ही एकूण रांग असते आणि '18:3 एन-3' (त्यातलं ओमेगा-3) हा तिचाच भाग वेगळ्या रांगेत. दोन्हीकडे 22.8 होतं, तिने बेरीज केली. बरं, नुसत्या '18:3' वर विसंबूनही चालत नाही, कारण गॅमा-लिनोलेनिक हे ओमेगा-6 सुद्धा त्यातच मोडतं. जवसात त्याने फरक पडत नाही, बोरेज या वनस्पतीच्या बियांच्या तेलात सगळं गणित उलटतं, कारण तिथे गॅमाच जास्त.

तेव्हापासून माझी सवय एकच: ओमेगा-3 आणि 6 ची बेरीज पॉलीअनसॅच्युरेटेडच्या आत बसते का, आणि ते एकूण स्निग्धांशाच्या आत, हे आधी बघायचं. दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर लोकांना आहार सांगू नये.

तक्त्यातली नावंही सारखी दिसतात: लिनोलेइक म्हणजे ओमेगा-6, अल्फा-लिनोलेनिक म्हणजे ओमेगा-3. 'नि' कडे लक्ष ठेवा.

तक्त्यातला रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तो घटक मोजलेलाच नसतो. मी तिथे शून्य टाकत नाही, रेघ मारते.

आणि बांगडा! 'मॅकरेल' शोधून अटलांटिकच्या माशाचा आकडा उचलतात, कच्च्या 100 ग्रॅमला इपीए आणि डीएचए (माशातली दोन ओमेगा-3) मिळून 2.3 ग्रॅम. तो मासा शास्त्रीय नावाने स्कॉम्बर, आपला बांगडा रास्ट्रेलिगर; कूळ एकच, पण मासे वेगळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत मासे शास्त्रीय नावाने दिलेत, तिथून घ्या. तोही आकडा ठाम धरू नका, माशाची चरबी हंगामाप्रमाणे बदलते.

'चमचाभर जवस' असं कुणी लिहून आणलं, तर मी वजनकाटा पुढे ठेवते.