आमदाराची कारकीर्द लिहिताय? मग या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की आमदारांचे परिचय सगळीकडे फिरायला लागतात, वाढदिवसाच्या पुरवण्या, स्मरणिका, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड, आणि त्यातलं बरंचसं एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं. मीही हे परिचय लिहायचं काम बरीच वर्षं करतोय. एकदा एका माजी आमदारांवर स्मरणिकेत लिहिताना मी "सलग चार वेळा निवडून आले" असं लिहून मोकळा झालो. छापून आल्यावर एका वयस्कर कार्यकर्त्यांचा फोन आला, म्हणाले, "अहो, मधली एक निवडणूक आपण हरलो होतो, मी मतमोजणीच्या टेबलावर होतो, रात्री चालत घरी आलो." चिडले नव्हते ते, पण त्यांना लागलं होतं, कारण त्यांच्या आयुष्यातली ती अख्खी रात्र मी एका शब्दात पुसून टाकली होती. तेव्हापासून "सलग" हा शब्द लिहायच्या आधी मी प्रत्येक निवडणुकीचा निकाल एकेक करून बघतो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. शेतकरी कामगार पक्षाचे, ११ वेळा आमदार, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कितीतरी ठिकाणी "१९६२ पासून सलग ११ वेळा" असं लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे. १९६२ आणि १९६७ ला ते जिंकले, १९७२ ला हरले, मग १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, तिथून १९९० पर्यंत जिंकत गेले, १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून फक्त १९२ मतांनी हरले आणि १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा चार वेळा जिंकले. आता सांगा, कुठली गोष्ट मोठी वाटते? दोनदा पडून, एकाच पक्षात राहून, त्याच तालुक्यातून परत निवडून येणं मला तरी "सलग" पेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पराभव गाळला की माणूस मोठा होत नाही, उलट त्याची खरी ताकदच दिसायची राहते.

याच उदाहरणात दुसरी चूक लपलेली आहे, पोटनिवडणूक विसरण्याची. सार्वत्रिक निवडणुकांची यादी समोर ठेवून मोजलं तर गणपतरावांचे विजय १० च भरतात आणि मग लिहिणारा गोंधळतो की ११ कुठून आले. अजित पवारांचंही तसंच होतं. १९९१ ला ते बारामतीतून लोकसभेवर गेले, ती जागा शरद पवारांसाठी सोडली आणि त्याच वर्षी विधानसभेच्या पोटनिवडणुकीत बारामतीतून आमदार झाले, म्हणजे एकाच वर्षात खासदार आणि आमदार दोन्ही. १९९५ पासून मोजायला सुरुवात केली की एक विजय कमी पडणार. म्हणून विजयांचा आकडा जुळत नसेल तर आधी पोटनिवडणुका तपासायच्या, माझ्या अनुभवात निम्मे घोळ तिथंच सुटतात.

आणि टर्म गुणिले पाच असा हिशोब तर अजिबात करू नका. "पाच वेळा आमदार म्हणजे २५ वर्षं" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण १९७२ ची विधानसभा आणीबाणीमुळे लांबली आणि पुढची निवडणूक थेट १९७८ ला झाली. उलट १९७८ ला निवडून आलेल्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली, कारण फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं, विधानसभाही गेली आणि मे मध्ये पुन्हा मतदान झालं. १९९५ ची विधानसभा पण पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत संपली, १९९९ च्या सप्टेंबरात मतदान झालं.

जुन्या काळात शिरलं की आणखी एक अडचण येते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. १९५७ ला निवडून आलेला माणूस द्विभाषिक मुंबई राज्याचा आमदार होता आणि १९५२ चं बघायचं तर मराठवाडा हैदराबाद राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात. त्यामुळे "१९५२ ला महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले" हे वाक्यच होऊ शकत नाही, लातूर किंवा अमरावतीकडचा माणूस असेल तर त्याचं रेकॉर्ड वेगळ्याच विधानसभेत शोधावं लागतं. २०२४ ला आलेली विधानसभा १५ वी, पण राज्य झाल्यापासूनची ही सार्वत्रिक निवडणूक १४ वी, कारण १९५७ ला निवडून आलेल्यांचीच १९६० ते ६२ ची सभा पहिली धरतात. एकदा हे कळलं की "कितवी विधानसभा" वरून होणारा वाद बंद होतो.

मतदारसंघ बदलला की मतदारसंघच बदलला?

ही माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय करणारी चूक आहे. २००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुकीत ती पहिल्यांदा लागू झाली. नावं बदलली, हद्दी बदलल्या, काही जागा राखीव झाल्या, काही गायबच झाल्या. मग परिचयात लिहिलं जातं की "२००९ ला त्यांनी आपला मतदारसंघ सोडून दुसरीकडे उडी मारली". देवेंद्र फडणवीस १९९९ आणि २००४ ला नागपूर पश्चिममधून, २००९ पासून नागपूर दक्षिण-पश्चिममधून. एकनाथ शिंदे २००४ ला ठाण्यातून, २००९ पासून कोपरी-पाचपाखाडीतून. आर. आर. पाटील आधी तासगावचे आमदार, नंतर तासगाव-कवठेमहांकाळचे. एकनाथ खडसे २००४ पर्यंत एदलाबादचे, २००९ पासून मुक्ताईनगरचे, गाव तेच, फक्त नाव बदललेलं, पण कागदावर दोन वेगळी गावं वाटतात म्हणून एकाने मला खरंच विचारलं होतं की त्यांनी एदलाबाद का सोडलं. नारायण राणेंचा मालवण मतदारसंघ नंतर राहिलाच नाही, तो भाग कुडाळमध्ये आला, म्हणून २००९ ला ते कुडाळमधून उभे राहिले.

आता छगन भुजबळ बघा. १९८५ आणि १९९० ला माझगाव, १९९५ ला तिथंच बाळा नांदगावकरांकडून पराभव, मग विधान परिषद आणि २००४ पासून येवला. हा मतदारसंघ खरोखर बदलला, मुंबईतून थेट नाशिक जिल्ह्यात. शिंदे आणि भुजबळ दोघांच्या बाबतीत "मतदारसंघ बदलला" हेच दोन शब्द वापरले तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार, आणि ते तसं नाहीये.

राखीव होणं तर हमखास विसरलं जातं. फलटण २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. रामराजे नाईक निंबाळकर त्याआधी तीनदा तिथून निवडून आले होते, १९९५, १९९९, २००४. पुढे ते विधान परिषदेवर गेले, सभापतीही झाले. नुसती यादी बघणाऱ्याला वाटतं २००९ ला हरले असतील. हरले नव्हते, ती जागाच त्यांना लढवता येणार नव्हती. २००९ च्या आसपास एखादं नाव अचानक गायब झालं तर पुनर्रचनेचा तक्ता उघडा, मगच पराभव लिहा.

आमदार म्हणजे कुठला आमदार

आपल्या भाषेत विधानसभेचाही आमदार आणि विधान परिषदेचाही आमदार. त्यामुळे "चार वेळा आमदार" मध्ये दोन विधानसभेचे आणि दोन परिषदेचे सहज मिसळतात. विधानसभेच्या २८८ जागा, लोकांच्या थेट मतांवर. परिषदेच्या ७८, त्यातले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात, टर्म सहा वर्षांची. ज्याला राज्यपालांनी नेमलंय त्याच्याबद्दल "निवडून आले" लिहायचं नाही, "नियुक्त झाले" लिहायचं, एवढं साधं आहे. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेत होते, मग परिषदेवर आले आणि विधानसभा पहिल्यांदा जिंकले २०१४ ला, कराड दक्षिणमधून, म्हणजे मुख्यमंत्रीपद आधी आणि विधानसभा नंतर. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांच्या मुदतीत, मे २०२० मध्ये परिषदेवर बिनविरोध आले.

परिषदेच्या मतमोजणीत पसंतीक्रम असतो म्हणून तिथले आकडे विचित्र दिसतात. १९९६ ला विलासराव देशमुख परिषदेच्या निवडणुकीत अर्ध्या मताने हरले हे वाचून एका मुलाने मला टायपिंगची चूक म्हणून लाल खूण करून पाठवलं होतं. चूक नाहीये ती, तिथं मतांचं मूल्य धरून हिशोब करतात, त्यात अपूर्णांक येतात.

पक्षाच्या रकान्यात आजचा पक्ष टाकू नका

हा नियम साधा आहे पण सगळ्यात जास्त मोडला जातो. ज्या वर्षीची निवडणूक, त्या दिवशी बॅलटवर जो पक्ष तोच लिहायचा. पंढरपूरचे भारत भालके २००९ ला स्वाभिमानी पक्षातून जिंकले, २०१४ ला काँग्रेसमधून, २०१९ ला राष्ट्रवादीतून, तीन निवडणुका आणि तीन पक्ष. यांच्यापुढे एकच "राष्ट्रवादी" लिहिलं तर लोकांनी पक्ष बघून मत दिलं की माणूस बघून, हे कळायचा मार्गच बंद होतो.

भाजपची स्थापना ६ एप्रिल १९८० ची, म्हणून "१९७८ ला भाजपकडून" शक्य नाही, तेव्हा जनता पक्ष होता. राष्ट्रवादी १० जून १९९९ ची, मनसे ९ मार्च २००६ ची. काँग्रेसचं तर १९७८ ला जास्तच सांभाळावं लागतं, कारण त्या निकालात दोन काँग्रेस आहेत, एकीला ६९ जागा आणि इंदिरा काँग्रेसला ६२. १९८० ला इंदिरा काँग्रेस १८६ आणि देवराज अर्स यांच्या गटाची अर्स काँग्रेस ४७. नुसतं "काँग्रेस" लिहून चालत नाही. आणि आता शिवसेनेचं, राष्ट्रवादीचं. फुटीनंतर पक्षाचं नाव आणि चिन्ह कुठल्या गटाला, याबाबत निवडणूक आयोगाचा शिवसेनेबाबतचा निर्णय फेब्रुवारी २०२३ चा, राष्ट्रवादीबाबतचा फेब्रुवारी २०२४ चा. २०१९ ला निवडून आलेला शिवसेनेचा आमदार २०१९ च्या ओळीत "शिवसेना"च, पुढे कुठल्या गटात गेला ते वेगळ्या वाक्यात, तारखेसकट लिहा.

मताधिक्य काढताना

मताधिक्य म्हणजे विजेत्याची मतं वजा दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराची मतं. आता यात काय चुकणार असं वाटतं, पण लातूर ग्रामीण २०१९ बघा. धीरज देशमुखांना १,३५,००६ मतं, त्याखाली नोटा, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नाही" हा पर्याय, २७,५००, आणि त्याखाली शिवसेनेचा उमेदवार १३,५२४. कितीतरी जणांनी नोटा वजा करून मताधिक्य काढलं. नोटा उमेदवार नाही, त्यामुळे खरं मताधिक्य १,२१,४८२. त्याच निवडणुकीत पलूस-कडेगावलाही नोटा दुसऱ्या नंबरवर होता. आणि दुसरा आला म्हणजे डिपॉझिट वाचलं असंही नसतं, त्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. एकट्या विजेत्याच्या मतांचा सहावा भाग काढला तरी साडेबावीस हजार होतो, म्हणजे लातूर ग्रामीणच्या दुसऱ्या उमेदवाराचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. मतांचे आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसले तर बहुतेक वेळा एक आकडा निकालाच्या दिवशी संध्याकाळचा असतो आणि दुसरा अंतिम. नमुना २० (निवडणूक अधिकाऱ्याचं अंतिम निकालपत्रक) मधला अंतिम आकडा घ्या, त्यात पोस्टल मतंही धरलेली असतात.

प्रतिज्ञापत्राबद्दल थोडंच पण कळकळीने सांगतो. नमुना २६, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, यात प्रलंबित गुन्हे आणि शिक्षा झालेले गुन्हे वेगवेगळे लिहिलेले असतात. "अमुक इतके गुन्हे" म्हणून सगळं एकत्र करू नका, गुन्हा दाखल होणं, आरोप निश्चित होणं आणि दोषी ठरणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्या एका ढिल्या वाक्याने कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही, आणि जो खरंच दोषी ठरलाय त्याला "आरोप आहेत" म्हणून सोडायचंही नाही. संपत्तीचा आकडा पण त्या अर्जाच्या तारखेचा, म्हणून वर्ष लिहिल्याशिवाय तो टाकूच नका.

नाव सापडत नसेल तर उलटं शोधा. सरकारी तक्त्यात पुष्कळदा आडनाव आधी असतं आणि पूर्ण नाव असतं, आर. आर. पाटील म्हणून शोधाल तर मिळणार नाहीत, रावसाहेब रामराव पाटील म्हणून मिळतील. आणि नाव पटकन सापडलं तरी वडिलांचं नाव जुळवा, कारण सारख्या नावाचे अपक्ष उभे असतात. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती, घाईत चुकीच्या ओळीतला आकडा उचलला गेला तर अख्खा निकाल उलटा लिहिला जाईल.

माझी पद्धत अशी आहे की लिहायच्या आधी एका कागदावर रकाने आखतो, वर्ष, सार्वत्रिक की पोट, सभागृह, मतदारसंघाचं त्या वेळचं नाव, पक्ष, मतं, दुसरा उमेदवार, निकाल. हरलेल्या निवडणुका पण त्याच क्रमाने, वेगळ्या कोपऱ्यात नाही. एखादी ओळ भरता येत नसेल तर त्या गावातल्या जुन्या पोलिंग एजंटला फोन करतो, त्यांना निकाल तोंडपाठ असतात, मात्र त्यांनी सांगितलेलं तक्त्याशी ताडूनच घेतो. ज्यांनी मला "सलग" वरून फोन केला होता त्यांनाही मी नंतर दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मतांचा आकडा अगदी शेवटच्या अंकापर्यंत बरोबर सांगितला.