जीपचा मेन पाटा का तुटला?

जुन्या जीपच्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचा मेन (मुख्य) पाटा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशीच तुटला. गॅरेजवाले काका म्हणाले, "खड्ड्यात आपटली असणार." मला ते पटेना. तुटलेलं टोक रॉकेलने धुऊन भिंगाखाली धरलं. भोकाच्या काठापासून गुळगुळीत, काळपट भाग, त्यावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या अर्धगोल रेषा. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत. म्हणजे चीर जुनी, हळूहळू वाढत गेलेली. खड्ड्याने फक्त शेवटचा घाव घातला. 19व्या शतकात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलरने रेल्वेच्या आसांवर दाखवलं तेच हे: झेपणारा ताणसुद्धा लाखो वेळा आला की पोलाद थकतं.

भोकापाशी ताण एकवटतोच, पण पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट घट्ट असले तर तो भाग फारसा वाकत नाही. इथे ते सैल होते. अ‍ॅक्सलच्या बैठकीवर घासल्याच्या खुणा स्पष्ट होत्या.

वेल्डिंग करू दिलं नाही, त्याने पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला कणखरपणा, उतरतं. नवा पाटा घातला, भोकाची धार कानसून मोडली, नवे यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी करून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळले. दुसऱ्या बाजूच्या पाट्यावर लाल डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) लावून पुसलं, तो रंग चिरेतून वर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला, तर तिथेही भोकापासून बारीक लाल रेघ उमटली. तोही पाटा बदलला.