विमानाखाली काय टांगलंय, ते कसं ओळखावं

आमचा मळा ओझरच्या अलीकडे. कांद्याच्या वाफ्यात वाकलं की डोक्यावरून सुखोई जाणार हे ठरलेलं, कारण ही विमानं जुळली ती इथल्याच एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत. मी हवाई दलात वेपन फिटर, म्हणजे विमानाला शस्त्रं चढवणारा, होतो. वीस वर्षं विमानाच्या पोटाखाली वाकून कंबर गेली, पण पुतण्याच्या उपयोगी पडतो. तो संचलनाचे, एअर शोचे फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकतो आणि विचारतो, "काका, हे खालचं कोणतं?" त्याला जसं शिकवलं तसंच इथे सांगतो. (विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून फोटो काढू नका. गुन्हा आहे, आणि उन्हात उभं राहून दिसतही काही नाही.)

पहिल्यांदा टाक्या वगळा. जग्वार, मिराज, तेजस यांच्याखाली सगळ्यात जाड, दोन्ही टोकांना निमुळतं दिसतं ते बहुतेक वेळा इंधन असतं. पुतण्याने पहिल्याच फोटोत टाकीला 'अणुबॉम्ब' ठरवून मित्रांना पाठवून दिलं होतं. सुखोईच्या पोटातच साडेनऊ टनांच्या आसपास इंधन मावतं, म्हणून त्याच्याखाली सहसा टाकी दिसत नाही.

आता क्षेपणास्त्राचं नाक बघा. बोथट आणि काचेसारखं चमकत असेल तर ते उष्णता हुंगणारं. सुखोईच्या पंखाच्या टोकाकडे दिसणारं छोटं आर-७३ हे त्यातलंच, वजन साधारण १०५ किलो. ती काच खिडकीची नव्हे. साध्या काचेतून ही उष्णता पलीकडे जात नाही, त्यामुळे वेगळ्या पदार्थाची लागते. आतला डोळाही थंडगार करावा लागतो, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने तो आंधळा होतो. जमिनीवर असताना या नाकावर टोपी असते. उड्डाणाआधी ती काढायची, सुरक्षेच्या पिना काढायच्या, मग लाल फितींसकट सगळ्या पिना हातात उंच धरून पायलटला दाखवायच्या. तो कॉकपिटमधून मोजतो, अंगठा दाखवतो. एक जरी पिन आत राहिली तरी वर जाऊन बटण दाबून उपयोग नाही. रात्री घरी आल्यावरही मी झोपेत पिना मोजायचो, असं बायको सांगते.

नाक टोकदार आणि रंगाने मंद असेल तर आत रडार आहे. तिथे धातू चालत नाही, लहरी अडतात. रडारवाल्यांतही दोन जाती. तुमच्या विहिरीतली मोटार रात्री बिघडली, एकजण खाली उतरला आणि दुसरा काठावरून बॅटरी धरून उभा राहिला, तर वरच्याला हलता येत नाही. आर-२७ ची रडारवाली आवृत्ती अशी. विमानाने लक्ष्यावर रडारचा झोत शेवटपर्यंत धरून ठेवायचा आणि क्षेपणास्त्राने परतणाऱ्या लहरींच्या मागे जायचं. आपलं 'अस्त्र' नावाचं क्षेपणास्त्र किंवा रशियाचं आर-७७ म्हणजे उतरणाऱ्यानेच डोक्याला बॅटरी बांधलेली. वाटेत विमान रेडिओवरून दिशा कळवत राहतं, शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्र स्वतःचं रडार चालू करतं आणि पायलट वळून निघायला मोकळा होतो.

दोन रशियन क्षेपणास्त्रं पात्यांवरून लांबूनही ओळखता येतात. आर-७७ च्या शेपटीला चार जाळ्या असतात, अगदी माळ्याच्या खिडकीच्या जाळीसारख्या. आर-२७ ची मधली पाती फुलपाखरासारखी, बुडाशी अरुंद आणि टोकाला रुंद. आर-७३ च्या नाकामागे छोट्या पात्यांची गर्दी असते, पण त्याची खरी करामत मागे आहे. रॉकेटच्या झोतात फिरणाऱ्या पात्या झोतच वळवतात, म्हणून ते टांगलेल्या रुळावरून (रेलवरून) सुटल्या सुटल्या गर्रकन वळू शकतं.

जग्वारचा फोटो आला तर पंखाच्या वर बघायला विसरू नका. खालची जागा बॉम्ब आणि टाक्यांना लागते, म्हणून आपल्या जग्वारची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं पंखावर चढवतात. नवखे हमखास फसतात. चढवणारेही कुरकुरतात, कारण एरवी खाली वाकायची सवय आणि इथे शिडीवर चढायचं.

यानंतर तोंड शोधा, म्हणजे हवा आत घ्यायची जागा. तोंडच नसेल तर साधं रॉकेट. जळायला लागणारा ऑक्सिजन ते सोबत घेऊन जातं, काही सेकंदांत मोटर विझते आणि पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. राफेलच्या मीटिऑर क्षेपणास्त्राच्या पोटाला दोन तोंडं दिसतात. ते बाहेरची हवा घेतं, म्हणून बराच वेळ जळत राहतं. ब्रह्मोस नाकातूनच हवा घेतं. वजन अडीच टन, त्यामुळे सुखोईच्या पोटाखाली एकच मावतं आणि त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. ते काम आमच्या नाशिकच्या एचएएलने केलं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर ते सुखोईवरून पहिल्यांदा सोडलं. आधी ते नुसतं खाली पडतं, विमानापासून दूर झालं की बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा धक्का देणारं रॉकेट, पेटतो, मग बाहेरची हवा घेणारं रॅमजेट इंजिन, आणि वेग ध्वनीच्या जवळपास तिप्पट.

इंजिनच नाही, पण नाकाला काच आणि मागे पंख असतील तर लेझरवर जाणारा बॉम्ब. कारगिलमध्ये जून १९९९ ला टायगर हिलवर मिराजने असे बॉम्ब टाकले. सोबत टांगलेला, तोंडाला काच असलेला लांबट डबा म्हणजे लेझरचा ठिपका धरणारा पॉड. तो कुठेही सुटत नाही, त्याला क्षेपणास्त्र म्हणू नका.

आता बातम्यांतल्या 'पल्ल्या'बद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावर होतात. शंभर किलोमीटर लिहिलं की लोक नकाशावर वर्तुळ काढून बसतात. तो आकडा बहुतेकदा दोन्ही विमानं उंचावर, वेगात आणि समोरासमोर येत असतानाचा असतो. चालत्या एसटीतून पुढे भिरकावलेला दगड लांब जातो, तसा विमानाचा वेग क्षेपणास्त्राला फुकट मिळतो, आणि समोरचाही जवळ येत असतो. तोच पाठ फिरवून खाली, दाट हवेत पळाला तर शंभराचे वीसतीसच उरू शकतात.

आणि क्षेपणास्त्र मागे धावत नाही. फाट्यावर आडव्या रस्त्याने येणारी पिकअप तुमच्या समोरच्या काचेत एकाच जागी स्थिर दिसत राहिली, तर धडक ठरलेली. ड्रायव्हर ते टाळायला ब्रेक मारतो. क्षेपणास्त्र उलटं करतं, लक्ष्य काचेत सरकलं की ते सरकणं थांबेपर्यंत स्वतः वळतं. थेट आदळण्याचीही गरज नसते, जवळून जाताना फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, ते ओळखतो आणि तुकडे उडवतो.

परवा पुतण्या मळ्यात ओरडला, "काका, आलं!" हात कपाळावर धरून मीही बघितलं. सुखोईखाली काहीच नव्हतं, नुसते रिकामे पायलॉन, म्हणजे शस्त्रं टांगायचे खांब. तो हिरमुसला. मी म्हटलं, दुरुस्तीनंतरची चाचणी असेल, आज पिना मोजायचं काम कुणालाच नाही.