मॅक्लोडगंजला एकाच टेबलावर थुक्पा आणि ओकोनोमियाकी: मागवायचं कसं

आईला घेऊन हिमाचलात धरमशाळेजवळच्या मॅक्लोडगंजला गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी घोळ घातला. जोगीवारा रोडवर चार टेबलांची खाणावळ, मेनूकार्ड एकच, त्यात अर्धं तिबेटी, अर्धं जपानी. तिच्यासाठी थुक्पा, माझ्यासाठी रामेन मागवलं. आले दोन टोपलीएवढे वाडगे, दोन्हींत रस्सा नि नूडल्स. अर्ध्यावरच पोटं तट्ट, आणि झोपायच्या वेळी पुन्हा भूक. तेव्हापासूनचा नियम: दोघांत रस्सा एकच घ्यायचा, दुसरं कोरडं.

रश्श्यात माझं मत थेनथुकला. थेन म्हणजे ओढणं. मैद्याची लांब पट्टी मनगटावर टाकायची, अंगठ्याने चपटी करत बोटभर तुकडे तोडायचे आणि थेट उकळत्या रश्श्यात भिरकवायचे. काउंटरमागे हे चाललेलं बघून आई म्हणाली, "अगं, या तर चकोल्याच!" डाळ नाही, फोडणी नाही, मुळा-पालक आहे; पण थंडीत पोटाला तोच आधार.

शाकाहारी असाल तर इथे जरा थांबा. तिबेटीत 'शा' म्हणजे मांस, त्यामुळे शाभाले, म्हणजे मांस भरलेली तळलेली पोळी, दिसलं की पुढे जा. नुसतं 'व्हेज आहे ना?' विचारून भागत नाही, 'रस्सा कशाचा?' असं विचारा. भाज्या वरून घातलेल्या आणि खाली हाडांचं पाणी, असंही असतं. जपानी बाजूला तर मिसो सूपसुद्धा बहुधा 'दाशी'वर होतं, आणि दाशीत कोम्बू या समुद्री वनस्पतीबरोबर सुकवलेला बोनिटो मासा असतो. नुसत्या कोम्बूची किंवा शिटाके मश्रूमची दाशी असेल तर चालेल.

कोरड्यात ओकोनोमियाकी. भरपूर कोबी, मैदा, अंडं. जाडजूड घावनच म्हणा. वर कागदासारखी फिकट गुलाबी कातरणं घालतात, ती वाफेने हलत राहतात. आई कौतुकाने बघत होती, "कांद्याची सालं बघ कशी नाचतायत!" तोच बोनिटो होता. ताटली मी निमूट माझ्याकडे ओढली. अंडं चालत असेल तर कातरणांशिवाय मागा, मिळतं.

आईसाठी मग तिंगमो मागवला: पदर सुटणारा वाफवलेला पाव, सोबत आलूची भाजी. पो चा, म्हणजे तिबेटी चहा, मागवायचा तर दोघांत एकच कप. त्यात लोणी आणि मीठ असतं. आपला चहा समजून प्यायलात तर पहिल्याच घोटाला फसाल, सार समजून प्या.

टेबलावर लाल सेपेन असतं, मिरचीचं. ते आधी नखभर चाखा. आईने ठेच्याच्या हिशेबाने सरळ चमचाभर घातलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर म्हणे, "बरंय. मीठ कमी पडलंय."