एडिटिंग शिकताय? इफेक्टच्या मागे लागायच्या आधी या चुका टाळा

नवीन माणसाने एडिटिंग सॉफ्टवेअर टाकलं की तो पहिलं काय शोधतो, तर ग्लिच इफेक्ट आणि झूम ट्रान्झिशन. आणि मग थोड्या दिवसांनी विचारत फिरतो की प्रिव्ह्यू का अडकतोय, आवाज मागेपुढे का होतोय. यातल्या बऱ्याच भानगडी इफेक्टच्या नसतातच, फुटेज टाइमलाइनवर (क्लिप ओळीने लावायच्या पट्टीवर) टाकलं तेव्हाच घोळ झालेला असतो.

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार म्हणजे आवाज घसरणं. फोनवर शूट केलेला लांब व्हिडिओ, सुरुवातीला ओठ आणि आवाज एकदम जुळलेले, आणि दहाव्या मिनिटाला तोंड बंद झाल्यावर शब्द ऐकू येतोय. लोक काय करतात तर ऑडिओ अनलिंक करून (व्हिडिओपासून वेगळा करून) थोडा सरकवतात, तेवढ्यापुरतं जुळतं आणि पुढे परत तेच. कारण फोन ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), म्हणतो खरा पण ते सरासरी असतं, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेम कमीजास्त होतात, यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात आणि फोनच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर हे हमखास असतं. मीडियाइन्फो नावाच्या फुकट टूलमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल दिसलं की आधी हँडब्रेक या फाइल कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, तिथे व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवडून कॉन्स्टंटवर टिक करायची आणि मग ती नवीन फाइल इम्पोर्ट करायची. अर्धं एडिट झाल्यावर हे करायला गेलात तर कटाई परत जुळवत बसावं लागेल, म्हणून आधीच बघा.

स्लो मोशनचंही तेच. ३० एफपीएसचा शॉट ३० च्याच टाइमलाइनवर २५ टक्के स्पीडला टाकला तर एकच फ्रेम चारचारदा दिसणार, झटके बसणारच. ६० ला शूट केलेलं ५० टक्क्यांवर मस्त चालतं. सॉफ्टवेअरमधला ऑप्टिकल फ्लो हा पर्याय लावून बघा हवं तर, पण तो मधल्या फ्रेम स्वतः बनवतो, त्यामुळे हलणारे हात आणि केस यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

लॅग होतोय म्हणून लगेच नवीन कॉम्प्युटर घेऊ नका. एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायचा एक प्रकार) फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, फक्त आजूबाजूच्या फ्रेमपासूनचा फरक असतो, त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे केलं की मशीनला घाम फुटतो. प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी. फायनल एक्सपोर्ट साधारणपणे ओरिजिनल फाइलवरूनच होतो, क्वालिटी जाईल ही भीती उगाच.

आता ट्रान्झिशन. क्रॉस डिझॉल्व्ह (एक शॉट विरघळत दुसरा उमटतो तो) टाकला आणि मध्येच चित्र गोठलं, किंवा सॉफ्टवेअर म्हणालं मीडिया अपुरा आहे, तर समजा की क्लिप तुम्ही अगदी टोकापर्यंत वापरलीय. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध बसवायचा तर पहिल्या क्लिपच्या पुढे अर्धा सेकंद आणि दुसरीच्या आधी अर्धा सेकंद जास्तीचं फुटेज लागतं. दोन्ही टोकं थोडी ट्रिम करा, काम झालं. तसंही दर कटला ट्रान्झिशन लावलेला व्हिडिओ बघवत नाही, साधा कट घ्या आणि पुढच्या शॉटचा आवाज थोडा आधी सुरू करा, म्हणजे जे-कट, याने जेवढी सफाई येते तेवढी कुठल्याच विकतच्या पॅकने येत नाही.

प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये एकाच क्लिपवर स्पीड बदलून वार्प स्टॅबिलायझर (हललेला शॉट स्थिर करणारा इफेक्ट) लावला की लाल पट्टी येते. क्लिप नेस्ट करा, म्हणजे वेगळ्या सीक्वेन्समध्ये गुंडाळा, आणि नेस्टवर स्टॅबिलायझर लावा.

कलरमध्ये एकच सांगतो, लॉग फुटेजसाठी (मुद्दाम फिकट शूट केलेल्या) बनवलेला LUT, म्हणजे रंगांची तयार सेटिंग फाइल, साध्या फोन व्हिडिओवर टाकू नका, सावल्या काळ्याठिक्कर आणि चेहरे भडक होतात. ग्रीन स्क्रीनला कडा हिरव्या येत असतील तर कीइंगचे (हिरवा रंग काढून टाकायचे) स्लायडर ओढत बसण्यापेक्षा माणूस पडद्यापासून लांब उभा करून परत शूट करा, लवकर होईल.

आवाजाचं मीटर कोणी बघतच नाही राव. बोलण्याचे पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये ठेवा, शून्याला लागलं की फाटतं आणि फाटलेलं नंतर नीट सुधारत नाही. म्युझिक बोलण्याच्या बरंच खाली.

एक्सपोर्ट करताना १०८०पी, ३० एफपीएसला यूट्यूब ८ एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सुचवतं, ६० एफपीएसला १२. पन्नास टाकून फाइल फुगवण्यात अर्थ नाही. आणि प्रोजेक्ट उघडल्यावर मीडिया ऑफलाइनची लाल स्क्रीन दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा काही डिलीट झालेलं नसतं, तुम्ही फोल्डर हलवलाय किंवा नाव बदललंय, रीलिंक करून नवीन जागा दाखवली की सगळं परत येतं.